पाठीवरची तळहाताएवढी जागा

रोज सकाळी सातला मल्लेशमचा फोन यायचा. आता तुम्ही म्हणाल, जन्मापासून बहिरा माणूस फोन कसा करेल? तर व्हिडिओचा. ओट्यावर शेंगाच्या चटणीची बरणी आहे, तिला टेकवून मी मोबाइल उभा करायचो, म्हणजे दोन्ही हात मोकळे, आणि मग आमची हातवाऱ्यांची सभा भरायची. त्या दिवशीही फोन वाजला, मी तो बरणीला टेकवला आणि चहाचं आधण ठेवता ठेवता, पडद्याकडं नीट न बघताच, कालची अर्धी राहिलेली गोष्ट पुढं सुरू केली. लांडग्यांची. दहा वर्षांचा असताना मी माळावर एकट्यानं लांडगे पळवून लावले होते, ती. काल लांडगे आठ होते. रात्रीतून एक वाढला होता, म्हणून मी नऊ बोटं वर केली आणि 'काल आठ होते' म्हणून तो कधी हसतोय ते बघायला मान वळवली... तर पडद्यावर त्याची मुलगी पद्मा होती. बापाला ती तेलुगूत नायना म्हणते. माझी नऊ बोटं तशीच वर. मग ती म्हणाली, "मेस्त्रीकाका, नायना गेले. पहाटेच गेले." मी बोटं खाली घेतली. एकेक करून घेतली, का ते माहीत नाही.

त्याला आता सहा-सात आठवडे होत आले. लिहिणं हा माझा धंदा नव्हे. माझा धंदा बोलण्याचा, आणि पोटापुरता यंत्रमाग दुरुस्त करण्याचा. मी मूळचा माळशिरसकडचा धनगर. आमच्याकडं ऊन असं, की मेंढरं सावलीसाठी एकमेकांच्या पोटाखाली डोकं घालतात, आणि रांगेतलं शेवटचं मेंढरू चालत चालत येऊन पहिल्याच्या पोटाखाली शिरतं, मग कळप जागच्या जागी गोल फिरत बसतो. तिथून उठून मी सोलापुरात आलो आणि पूर्व भागातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर म्हणून लागलो. माग बिघडला की नीट करायचा. तिथं चोवीस माग होते. त्यांचा खडखडाट असा, की छपरावरचा कावळा तोंड उघडायचा आणि आपण ओरडलो की नाही हे समजायला शेजारच्या कावळ्याकडं बघायचा. शेडमध्ये पाऊल टाकलं की सगळेच बहिरे. जो तो हातानं, भुवईनं, ओठ वाकडे करून बोलायचा. आम्हाला ती भाषा शिकायला सहा महिने लागले. मल्लेशम तेवढा आधीच तयार होऊन आलेला. शेडमध्ये त्याच्याएवढा बोलका माणूस दुसरा नव्हता. बाहेर रस्त्यावर आला की मात्र लोक त्याला मुका म्हणायचे.

कामाच्या खुणा पाठीवर चालायच्या. विणकर मागाकडं तोंड करून उभा, हाक मारून उपयोग नाही, म्हणून मागून जाऊन पाठीवर चापटी द्यायची. एक चापटी म्हणजे थांब, धागा तुटलाय. दोन चापट्या म्हणजे सगळं ठीक आहे, चालू दे. एवढ्या दोन शब्दांवर आमची तीस वर्षं निघाली.

पहिल्याच आठवड्यात त्यानं माझ्या मिशीवर बोट ठेवलं. ती मिशी म्हणजे काय सांगू! एकेका टोकावर एकेक लिंबू ठेवून मी वैरागच्या बाजारातून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो होतो, आणि परत येताना लिंबं विकून आलो होतो. मल्लेशमनं बोटांची कात्री करून दाखवली. तो ओठ वाचायचा, आणि माझ्या मिशीखाली त्याला ओठ सापडत नव्हते. धनगराला मिशी काप म्हणणं म्हणजे... पण मी कापली. कारण सांगतो. जगात बोलणारे पुष्कळ आहेत, ऐकणारेही असतील, पण ऐकताना लोक भाकरीकडं बघतात, घड्याळाकडं बघतात, आता तर मोबाइलकडं बघतात. मल्लेशमला माझं ऐकायचं तर माझ्या तोंडाकडंच बघावं लागायचं. त्याची नजर हलली की माझं वाक्य तुटलं. असा श्रोता राजाला मिळत नाही. त्यानं खुणांमध्ये माझं नाव ठेवलं होतं, ओठावर दोन बोटं पिळायची, मिशीला पीळ देतात तशी. मिशी गेली तरी नाव तेच राहिलं.

बाता मारायला मात्र तो माणूस महाकठीण. माझे लांडगे आधी तीन होते. वर्षभरानं मी पाच सांगितले, तर त्यानं शांतपणे तीन बोटं दाखवली. पुढं तो आमचा खेळच झाला. मी वाढवायचो, तो मागचा आकडा दाखवायचा. कान नसलेल्या माणसाला सगळं आठवतं, कारण मधे दुसरं काही ऐकू येत नाही.

आता त्याच्या अभ्यासाबद्दल. तो त्याला अभ्यासच म्हणायचा. लहानपणी त्याच्या अम्मानं त्याला कान यावेत म्हणून कुठं कुठं नेलं नव्हतं? देवळात, दर्ग्यात, चर्चमध्ये, अक्कलकोटकडच्या मठात, आमच्या धनगरांच्या देवऋष्याकडंसुद्धा. शेजारीण जे सांगेल तिथं, कधी चालत, कधी बैलगाडीनं. कुणी कानात फुंकर मारली, कुणी तेल मंतरून घातलं, कुणी पाणी शिंपडलं. डोक्यावर हात मात्र प्रत्येकानं ठेवला. ते सगळे ओठ हलवायचे, डोळे मिटायचे, आणि अम्मा रडायची. काय चाललंय हे त्याला कुणीच सांगितलं नाही. पन्नाशी उलटल्यावर, अम्मा गेल्यानंतर, एका दुपारी भाकरी खाताना त्यानं मला हातांनी सांगितलं, ते मी माझ्या मराठीत लिहितोय, आणि इथं एका अक्षराचीही भर घालत नाही: "सगळ्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा त्यांच्या आत काय होत होतं, ते मला बघायचंय. आता हात ठेवायची पाळी माझी."

त्याची रीत विणकराची होती. टॉवेल मागावरून उतरला की तो डोळे मिटून त्याच्यावरून तळहात फिरवायचा आणि कुठं धागा सुटलाय, कुठं दाटी झालीय ते बरोबर सांगायचा. माणसाची पाठही तो तशीच तपासायचा. प्रार्थना करणाऱ्याच्या मागं बसायचं, दोन खांद्यांच्या मधोमध तळहात ठेवायचा आणि संपेपर्यंत काढायचा नाही. एवढंच. तोंड माझं, हात त्याचा. दर सुट्टीला आम्ही निघायचो.

पहिल्यांदा गेलो ते आमच्या गल्लीच्या पलीकडच्या मशिदीत. पेशइमाम साहेब म्हातारे, मिश्कील, दाढी अशी की मल्लेशमनं बघूनच हात जोडले, इथं ओठ सापडायचे नाहीत. मी सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "क्या मेस्त्री, ये क्या नवा खेल लाए? पीठ पे हात रखके क्या सुनता जी ये?" मी म्हणालो, "सुनता नहीं साहेब, तपासता है." ते खूप हसले. "अच्छा जी, तपासने दो. मगर नमाज में नक्को. बाद में दुआ माँगतूँ मैं, उस टैम पीछे बैठ जाव." दुआ संपली. मल्लेशमनं हात काढला, तर साहेबांच्या पांढऱ्या शुभ्र कुर्त्यावर मागाच्या तेलाचा पंजा उठलेला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांनी कुर्ता मागून ओढून बघितला आणि म्हणाले, "रहने दो, नक्को धोव. ऊपर हिसाब माँगे तो दिखाने को कुछ तो होना." मग त्यांनी विचारलं, हा काय म्हणतो? मल्लेशम म्हणत होता, "हे दुसऱ्या कुणासाठी तरी मागत होते. स्वतःसाठी मागताना माणूस पाठ ताठ करतो. ह्यांची वाकली होती." मी सांगितलं. साहेब हसायचे थांबले, चष्मा पुसत बसले. 

मग विहारातले एक आजोबा झाले. त्यांची पाठ, मल्लेशमच्या मते, पहाटेच्या तळ्यासारखी. चर्चमधल्या बायका गाताना त्यानं संकोचानं पाठीऐवजी बाकावर हात ठेवला, आणि बाहेर येऊन सांगितलं की सगळ्यांत जास्त भक्ती त्या बाकातच आहे. तळ्याकाठच्या देवळात एका गृहस्थाच्या पाठीवर त्यानं हात ठेवला आणि लगेच काढला. का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "तो चपलांचा विचार करतोय." खरंच त्या गृहस्थाच्या चपला गेल्या होत्या.

पण सगळ्यांत मोठी गंमत बसम्माची. अक्कलकोटच्या वाटेवर एका लहान मठात ही म्हातारी कन्नड पदं म्हणायची. जन्मांध. आता विचार करा, तिला दिसत नाही, ह्याला ऐकू येत नाही, आणि मधे मी! ती विचारणार, मी ओठ हलवून ह्याला सांगणार, हा हात हलवणार, मी ते तिला सांगणार, आणि सांगता सांगता आपल्या पदरचं चार शब्दांचं तूप वाढणार. तिला ते दोन मिनिटांत कळलं. "सुम्न कुंद्रु!" ती कडाडली. "गप बस की रं जरा! किती बोलतोस? तू मधनं उठ." मी उठलो आणि भिंतीला जाऊन बसलो. त्या दोघांत मी एकटाच धडधाकट, आणि बाहेर बसायची वेळ माझ्यावर! तिनं चाचपडत त्याचा एक हात धरून आपल्या पाठीवर ठेवला, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर बोटांनी ठेका धरला आणि पद सुरू केलं. अर्धा तास मी तोंड उघडलं नाही. माझ्या आयुष्यातला तो विक्रम आहे. संपल्यावर तिनं मला विचारलं, "ह्याला खरंच ऐकू येत न्हाय?"

"न्हाय की."

"मग कान असलेल्यांपेक्षा बरा हाय. एवढ्या वेळात एकदा खोकला न्हाय."

परतीच्या एसटीत मल्लेशम खिडकीबाहेर बघत बसला होता. मग एकदम वळला, ओठावर दोन बोटं पिळली आणि माझ्या पाठीकडं बोट केलं. म्हणजे, मिशीवाल्या, आता तुझी.

मी टाळलं. इतके दिवस मी त्याला देवाच्या एवढ्या गोष्टी सांगितल्या होत्या... बिरोबा माझ्या स्वप्नात येऊन माझ्याकडं तंबाखू मागतो इथपर्यंत. पण खरी गोष्ट अशी, की कळत्या वयापासून मी देवापुढं नुसता उभा राहिलो होतो. हात जोडायचो, आत काही हलायचं नाही. हा माणूस टॉवेलमधला सुटलेला एक धागा तळहातानं ओळखतो, माझ्या आतलं अख्खं भगदाड त्याला सापडणार नाही? मी वर्षभर कारणं सांगितली. पाठ दुखते. पाठीला फोड आलाय. धनगराच्या पाठीला अमावस्येला हात लावत नाहीत. शेवटी कारणं संपली, आणि मी त्याला आमच्याकडं माळावरच्या बिरोबाच्या देवळात घेऊन गेलो. माझा बाप ओव्या म्हणायचा त्या जागी बसलो, बापाचीच ओवी धरली आणि असा आवाज लावला की शेजारच्या रानातली माणसं खुरपी टाकून आली. एक म्हातारी तर रडायला लागली. मल्लेशमचा हात पाठीवर होता. ओवी संपली, मी घाम पुसत ऐटीत वळलो. त्यानं आपल्या गळ्याला हात लावला, मग छातीपाशी नेऊन आडवा फिरवला. "इथवरच आहे. खाली काही नाही. तू मला गोष्ट सांगत होतास."

मी त्याच्याशी बोलणं सोडलं. बहिऱ्याशी अबोला धरणं फार सोपं असतं, त्याच्याकडं बघायचं नाही, झालं. पण त्यामुळं तुमच्याकडंही कुणी बघत नाही, हे मागाहून कळतं. दोन महिने मी शेडमध्ये इतरांना गोष्टी सांगून बघितल्या. लोक हसायचे, पण भाकरीकडं बघत. एका दुपारी तो समोर येऊन बसला, कडक भाकरीचा तुकडा मोडला आणि भुवई उडवून पाच बोटं दाखवली. लांडगे किती? मी त्याच्या हातातला तुकडा घेऊन तोंडात टाकला. मग सहा दाखवली. झालं, मिटलं. माझ्या पाठीचं नाव त्यानं पुढं बराच काळ काढलं नाही.

पुढं कारखाना बंद पडला. आम्ही दोघं घरी बसलो. माझी बायको नातवंडासाठी मुलाकडं पुण्याला गेली ती तिकडंच रमली, आणि माझ्या दोन खोल्यांत बोलायला बरणी आणि मोबाइल राहिले. मल्लेशमला धाप लागायला लागली. धाप लागलेला बहिरा माणूस तुम्ही बघितलाय? आपला आवाज बसतो, त्याचे हात बसतात. वाक्य अर्ध्यावर आलं की हात मांडीवर पडायचे आणि तो त्यांच्याकडं बघत राहायचा.

तो जायच्या चार दिवस आधी मी त्याच्या घरी गेलो. पद्मा आत स्वयंपाक करत होती. तो पलंगावर उशांना टेकून बसलेला. मी नेहमीप्रमाणं समोर खुर्ची ओढली, तर त्यानं ओठावर दोन बोटं पिळली आणि एक बोट हवेत गोल फिरवलं. वळ. मला कळलं. मी मुकाट्यानं पलंगाच्या कडेला त्याच्याकडं पाठ करून बसलो. त्याचा तळहात आला. एवढा हलका, की आधी मला वाटलं सदराच सरकला.

पाठ केली की आमच्यातलं बोलणं संपायचं. त्याला माझे ओठ दिसत नाहीत, मला त्याचे हात दिसत नाहीत. समोर भिंत, भिंतीवर कॅलेंडर. मी ओवी धरणार होतो, पण ती त्यानं एकदा तपासून नापास केली होती. मग सवयीनं लांडग्यांची गोष्ट सुरू केली. तोंडातल्या तोंडात, पद्माला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि पहिल्याच वाक्याला मी आकडा चुकलो... मी म्हणालो, लांडगा एकच होता.

एकच होता. आणि मी बाभळीवर चढून बसलो होतो. खाली तो आमची घुंगराची मेंढी ओढत होता, तिचं घुंगरू वाजत होतं, आणि मी डोळे मिटून घेतले होते. घुंगरू थांबल्यावरही किती तरी वेळ मी खाली उतरलो नाही. बाप आला तेव्हा मी त्याला सांगितलं, तीन होते, मी दगड मारून पळवले, म्हणून एकच मेंढी गेली. बापानं मला उराशी धरलं, पाठीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वस्तीसमोर माझ्या शौर्याचा नारळ बिरोबापुढं फोडला. तेव्हापासून मी कुठल्याही देवापुढं उभा राहिलो की मला वाटतं, हा आता पहिला प्रश्न लांडग्यांचाच विचारणार.

हे सगळं मी त्या कॅलेंडरला सांगितलं. कुठल्या माणसाला आजवर सांगितलं नव्हतं, आणि तेव्हाही सांगितलं असं म्हणता येणार नाही, कारण मागं बसलेल्या माणसाला त्यातला एक शब्द कळणं शक्य नव्हतं. त्याच्या हाती फक्त माझी पाठ होती. मी थांबलो. आत कुकरची शिट्टी झाली. आणि माझ्या पाठीवर दोन चापट्या पडल्या.

मी वळलो तर त्यानं डोळे मिटले होते. पद्मानं चहा आणला, मी प्यालो, आणि घरी आलो.

पुढचे तीन दिवस सकाळी सातला फोन आला. मी विचारायला हवं होतं, की त्या चापट्यांचा अर्थ काय. मी काय केलं? पुन्हा सहा लांडग्यांपासून सुरू केलं. मग सात. मग आठ. तो दमलेल्या हातानं मागचा आकडा दाखवायचा आणि हसायचा. वाटलं, विचारू सावकाश. एवढी काय घाई आहे.

आता विचारायचं कुणाला? तीस वर्षांत तो माझ्याशी एकदाही खोटं बोलला नाही. टॉवेल वाईट असेल तर वाईट म्हणायचा, मग तो मालकाच्या मेव्हण्यानं विणलेला का असेना. पण आजारी माणूस, त्याच्या पुढ्यात मी, जुना दोस्त, पाठ करून बसलेला... आयुष्यात एकदाच त्यानं माझं मन राखलं असेल तर? बाता मारण्यात मी गेली साठ वर्षं काढली, दुसऱ्याची बात ओळखायला मी कधी शिकलोच नाही. मागच्या आठवड्यात इमाम साहेबांकडं गेलो. ते आता फार थकलेत. चापट्यांचं तेवढं सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "मेस्त्री, इधर आव. मैं रखतूँ हात." मी पाठ करून बसलो. त्यांनी हात ठेवला. चांगला हात होता, ऊबदार. पण त्यांना कान आहेत. मी तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून आलं, "साहेब, आमच्या माळशिरसकडं ऊन असं..." ते हसले. मीही हसलो. मग त्यांनी हात काढून घेतला.

मिशी मी अजून दर रविवारी कातरतो. बरणी ओट्यावर तिथंच आहे. एक सवय तेवढी नवीन लागलीय. एसटीत, न्हाव्याकडं, घरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत, कुठंही बसलो तरी मी मागं टेकत नाही. पाठ आणि खुर्ची यांच्यात तळहाताएवढी जागा राहते. शेजारचे परवा दारातून बघून म्हणाले, "काय मेस्त्री, कंबर धरली का?" एरवी मी त्यांना किमान अर्धा तास बसवून घेतलं असतं.

"न्हाय," मी म्हणालो. "जागा ठेवलीय."

ते मोबाइलकडं बघत होते. बरं, बरं, म्हणाले आणि गेले.